मीटर शहराचा, आकडा कुणाचा?

२०२१च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या द डॅल्स या शहराने ‘द ओरेगोनियन’ या वर्तमानपत्रावर दावा लावला. दावा बदनामीचा नव्हता. बातमीदाराने एवढंच विचारलं होतं, की तुमच्या गावातलं गुगलचं डेटा सेंटर वर्षाला किती पाणी घेतं? शहराचं म्हणणं पडलं, की हे त्या ग्राहकाचं व्यापारी गुपित आहे, आम्हाला सांगता येत नाही.

गावाची वस्ती जेमतेम १६ हजार. पाण्याच्या टाक्या, वाहिन्या, मीटर, बिलाची वही, सगळं नगरपालिकेचं. म्हणजे पाणी मोजलंच जात नव्हतं, अशातला भाग नाही. कर्मचारी मीटर वाचत होता, बिल निघत होतं, ते भरलं जात होतं. आकडा नगरपालिकेच्या कपाटात होता. भांडण होतं ते कपाटाची किल्ली कुणाकडे, यावर.

मोठ्या पाणीवापराच्या नोंदीचे नियम कसे असावेत, अशी चर्चा निघाली की लोक लगेच सेन्सर, पोर्टल, ऑनलाइन डॅशबोर्ड यांवर घसरतात. माझ्या मते त्याआधी हे एक प्रकरण नीट वाचावं. इथे तंत्रज्ञानाची काहीच अडचण नव्हती.

नदी दारात, गाव कोरडं

द डॅल्स कोलंबिया नदीच्या काठावर आहे. नदी एवढी रुंद की गावाला पाण्याची ददात असेल असं कुणाला वाटणार नाही. पण गाव कास्केड डोंगररांगेच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस सुमारे १४ इंच, माणदेशातल्या माणसालाही कमी वाटेल इतका. आसपास चेरीच्या बागा आहेत आणि त्याही सिंचनावर. शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी माउंट हूडच्या बाजूच्या ओढ्यांवरून येतं. त्यातल्या डॉग रिव्हरचं पाणी वळवणारी वाहिनी चक्क लाकडी होती. शंभरी ओलांडलेली आणि जागोजागी गळणारी, अगदी अलीकडे बदलली. उरलेली गरज विहिरी भागवतात. पण इथल्या भूजलाची पातळी पूर्वीच इतकी खालावली होती, की राज्याने १९५९ मध्येच हा भाग ‘संकटग्रस्त भूजल क्षेत्र’ ठरवला. नव्या विहिरीला सहज परवानगी मिळेल अशी ही जागा नव्हे.

मग अशा ठिकाणी डेटा सेंटर कशाला? विजेसाठी. १९५७ मध्ये इथे धरण झालं. त्यात सेलिलोचा धबधबा बुडाला आणि त्याबरोबर तिथल्या आदिवासी जमातींची हजारो वर्षांची सामन मासेमारीही गेली. धरणाच्या स्वस्त विजेवर अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आला, चालला, बंद पडला. गावात रोजगार नाही, तारांमध्ये वीज मात्र आहे. २००५ मध्ये ‘डिझाइन एलएलसी’ अशा काहीच न सांगणाऱ्या नावाच्या एका कंपनीने जागा घेतली. अधिकाऱ्यांनी गोपनीयतेचे करार केले होते. ही कंपनी म्हणजे गुगल. २००६ मध्ये केंद्र सुरू झालं. गुपिताची सवय त्या गावाला तिथपासूनची आहे.

करार आधी, आकडा नंतर

२०२१ मध्ये कंपनीला बंद पडलेल्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या जागेवर आणखी दोन डेटा सेंटरं बांधायची होती. त्यासाठी शहराशी पाण्याचा करार ठरला. सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर खर्चून कंपनीने शहराच्या पाणीव्यवस्थेत भर घालायची, जुन्या कारखान्याच्या जागेबरोबर आलेले पाण्याचे हक्क शहराला द्यायचे, आणि हिवाळ्यातलं जादा पाणी भूगर्भात साठवून उन्हाळ्यात काढण्याची सोय उभी करायची. कागदावर करार वाईट नव्हता. शहराच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं, की यातून नव्या केंद्रांना लागेल त्यापेक्षा जास्त पाणी शहराच्या हाती येईल.

पण ‘लागेल त्यापेक्षा’ म्हणजे कशापेक्षा? वजाबाकीतला एक आकडा झाकून उत्तर बरोबर आहे म्हणायचं, असा तो प्रकार. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी नगर परिषदेने करार एकमताने मंजूर केला. त्या दिवशी गावातल्या बागाईतदाराला, पाणीपट्टी भरणाऱ्या घरवाल्याला हे माहीत नव्हतं, की आधीची केंद्रं किती पाणी घेतात आणि नवी किती घेतील.

बातमीदाराने अर्ज केला होता तो त्याआधीच. शहराने तो फेटाळला. ओरेगनच्या सार्वजनिक नोंदी कायद्यात अशा नकारावर अपील काउंटीच्या सरकारी वकिलाकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीकडे जातं. वास्को काउंटीच्या त्या अधिकाऱ्याने आदेश काढला, की माहिती द्या. या टप्प्यावर कायद्याची एक तऱ्हा कळली नाही तर ‘शहराने पेपरवर दावा लावला’ हे वाक्य विचित्र वाटतं. तिथे असा आदेश मान्य नसेल तर सार्वजनिक संस्थेला मुदतीत कोर्टात जावं लागतं, आणि प्रतिवादी होतो तो माहिती मागणारा. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच वकील उभा करावा लागतो. वर्तमानपत्राच्या पाठीशी पत्रकारांना कायदेशीर मदत देणारी एक संस्था उभी राहिली. शहराच्या बाजूचा खर्च कुणी उचलला? गुगलने. तो लाख डॉलरच्या वर गेला.

इथे मला शहराचा फारसा राग येत नाही. कंपनी गावातली सर्वांत मोठी ग्राहक, करदाती, आणि नवं बांधकाम तिच्याच पैशावर. अशा ग्राहकाने ‘हे गुपित आहे’ म्हटल्यावर १६ हजारांच्या गावाची नगरपालिका किती ताठ उभी राहणार? ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्या विरोधात उभं राहण्याचं काम स्थानिक संस्थेवर टाकायचंच नसतं. ते राज्याच्या नियमाने करून ठेवायचं असतं, म्हणजे तिला सांगता येतं, ‘आमचा नाइलाज आहे, वरून फॉर्म आलाय.’

खटला सुनावणीपर्यंत गेलाच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगलने स्वतःच आपल्या अमेरिकेतल्या केंद्रांचे ठिकाणनिहाय पाण्याचे आकडे जाहीर केले, आणि डिसेंबरात शहराने तडजोड केली. दहा वर्षांची माहिती दिली आणि पुढेही देत राहू असं कबूल केलं.

कपाटातून काय निघालं

२०२१ या वर्षात केंद्रांनी शहराकडून ३५.५१ कोटी गॅलन पाणी घेतलं. शहराच्या एकूण वापराच्या २९ टक्के. पाच वर्षांत जवळपास तिप्पट.

गॅलनमध्ये आपल्याला काही उमगत नाही, म्हणून लिटरात करून पाहू. वर्षाला सुमारे १३४ कोटी लिटर, दिवसाला ३६ ते ३७ लाख लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी १३५ लिटर धरतात. त्या मापाने ही २७ हजार माणसांची तहान झाली. गावात माणसं १६ हजार.

आता गंमत अशी, की कंपनीने आपल्या यादीत त्याच वर्षासाठी, त्याच गावासाठी आकडा दिला होता २७.४५ कोटी गॅलन. शहराच्या वहीपेक्षा ८ कोटी गॅलन कमी, म्हणजे सुमारे ३० कोटी लिटरचा फरक. कुणी खोटं बोललं का? नाही. दोघं वेगळ्या गोष्टी मोजत होते. आणि नोंदीचा कुठलाही नियम करणाऱ्याने इथे खुर्ची ओढून बसावं, कारण निम्मा घोळ याच जागी होतो.

ज्यांनी साखर कारखान्यात किंवा केमिकल प्लँटमध्ये कूलिंग टॉवर पाहिलाय त्यांना हे नवीन नाही. सर्व्हरची उष्णता घेऊन आलेलं गरम पाणी वरून जाळीवर सोडतात, खालून हवा जाते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन तृतीयांश, नेमकं बोलायचं तर ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता गेली. पण उडतं ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. फेरी-फेरीगणिक ते दाट होत जातात, पाइपात खपली धरतात. म्हणून काही पाणी मुद्दाम काढून टाकावं लागतं, त्याला प्लँटवाले ब्लोडाऊन म्हणतात. आणि उडालेलं अधिक काढलेलं, एवढं ताजं पाणी आत घ्यावं लागतं, ते मेकअप. शहराचा मीटर बसतो मेकअपवर. कंपनी ‘वापर’ म्हणून सांगते ती मेकअपमधून गटारात परत सोडलेलं वजा करून.

दोन्ही आकडे हाती आले की सहावीतलं गणित करता येतं. मेकअप ३५.५१, दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे ब्लोडाऊन ८.०६. ३५.५१ भागिले ८.०६, उत्तर ४.४. म्हणजे क्षार ढोबळमानाने साडेचारपट दाट होईपर्यंत पाणी फिरवलं जात होतं. कूलिंग टॉवर सांभाळणारा कुठलाही ऑपरेटर हे ऐकून खांदे उडवेल, इतका हा साधारण आकडा आहे. आणखी एक गणित: उडालेलं सगळं पाणी उष्णता घेऊन गेलं असं धरलं तर वर्षभराची सरासरी ८० मेगावॅटच्या आसपास येते. ‘व्यापारी गुपित’ म्हणतात ते कदाचित हेच. पाण्यावरून प्रतिस्पर्धी आमच्या यंत्रांचा भार काढतील, ही भीती. तिच्यात तथ्य अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. मीही आत्ता पेन्सिलीने काहीतरी काढलंच की. पण थंडीत नुसत्या हवेवर किती दिवस भागवलं, टॉवर किती चालले, हे कळल्याशिवाय तो अंदाज म्हणजे झाकल्या टोपलीतले आंबे मोजणं. आणि भाराचाच अंदाज बांधायचा असेल तर कुंपणाबाहेर उभं राहून सबस्टेशनचे ट्रान्सफॉर्मर मोजावेत. ते पाण्याच्या बिलापेक्षा जास्त बोलतात.

गावाला मात्र दोन्ही आकडे हवेत. टाक्या आणि विहिरी यांचं नियोजन मेकअपवर चालतं, सांडपाणी केंद्राचं ब्लोडाऊनवर, आणि खोऱ्यातून कायमचं किती गेलं हे उडालेल्यावर. कंपनी एकच आकडा देते तेव्हा तो लहान असतो, हा योगायोग नसावा. त्याच वेळी गुगलने आपला जगभरचा पाणीवापर गोल्फ मैदानांच्या हिशेबात सांगितला होता: २९ मैदानांना लागेल तेवढा. गोल्फचं मैदान पाण्याच्या काटकसरीचं माप म्हणून कुणी निवडावं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

वार्षिक बेरजेत आणखी एक गोष्ट बुडते. टॉवर जानेवारीत जवळपास झोपलेले असतात आणि जुलै-ऑगस्टात धावतात. नेमक्या त्याच आठवड्यांत चेरीच्या बागांना आणि अंगणातल्या हिरवळीला पाणी लागतं, आणि ओढे आटलेले असतात. पाणीव्यवस्थेची कसोटी त्या दहा-पंधरा दिवसांत लागते. वर्षाच्या सरासरीत ते दिवस दिसतच नाहीत.

राज्याचा नियम होता की

ओरेगनमध्ये नोंदीचा नियम नव्हता असं समजू नका. चांगला कडक आहे. पाण्याचा हक्क असलेल्या सरकारी संस्थांना, म्हणजे शहरं, सिंचन संस्था वगैरेंना, दरवर्षी राज्याच्या जलसंपदा विभागाला कळवावं लागतं, की कुठल्या उद्भवातून कुठल्या महिन्यात किती उचललं. महिनावार, उद्भववार. द डॅल्सही ते कळवत होतं.

पण तो नियम मोजतो उचलणाऱ्याला. डेटा सेंटर ओढ्यातून काही उचलत नाही. ते नळाचं गिऱ्हाईक आहे. राज्याच्या वहीत ‘द डॅल्स शहर’ अशी एक ओळ दिसते, आणि त्या ओळीच्या पोटात २९ टक्के वापरणारा एक ग्राहक अदृश्य बसलेला असतो. अमेरिकेतल्या ‘ग्रेट लेक्स’ या महासरोवरांकाठच्या राज्यांचा पाण्याबाबतचा करार घ्या, तिथे उंबरठा दिवसाला १ लाख गॅलन. मिनेसोटा आणखी कडक, दिवसाला १० हजार किंवा वर्षाला १० लाख गॅलनच्या वर उचललं की परवाना आणि वार्षिक अहवाल. उंबरठा कितीही खाली आणा, स्वतःची विहीर न खोदता नगरपालिकेचं कनेक्शन घेणाऱ्याला तो लागूच होत नाही. मिनेसोटात परवाना नगरपालिकेच्या नावावर असतो.

आमच्या सोसायटीत टँकरची एक वही आहे, वॉचमनच्या टेबलावर दोरीने बांधलेली. तारीख, गाडी नंबर, लिटर, सही. कितीतरी वर्षं ती इमानेइतबारे भरली जात होती आणि तरी दर मे महिन्यात भांडण व्हायचं, कारण वहीत सोसायटीने किती मागवलं ते होतं. कुठल्या विंगने किती ओढलं ते नव्हतं. मग विंगनिहाय मीटर बसले. पहिल्या महिन्याचं रीडिंग सूचनाफलकावर लावायचं की नाही, यावर जी सभा झाली ती टँकरच्या भांडणापेक्षा मोठी होती. द डॅल्सची फाइल वाचताना मला ती सभाच आठवत राहिली.

म्हणून नियम दुरुस्त करायचा तर ओझं पुरवठादारावर टाकावं, असं माझं मत आहे. जी संस्था घाऊक पाणी उचलते, तिने उचललेल्याच्या अहवालाबरोबरच ठरावीक टक्क्यांहून जास्त घेणाऱ्या ग्राहकांची नावं आणि महिनावार आकडे द्यावेत. नव्या खास कायद्याची गरज नाही, चालू फॉर्मला एक पुरवणी पान. ‘डेटा सेंटर’ हा शब्दही त्यात नको. आज डेटा सेंटर आहे, उद्या चिपचा कारखाना असेल, परवा आणखी काही. पाण्याला धंद्याचं नाव कळत नाही. हे पान करार मंजूर होण्याच्या आधी लोकांपुढे यावं, एवढी एक तारीख मात्र त्यात पक्की हवी.

कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरून पाहिली. २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकात डेटा सेंटरने व्यवसाय परवाना घेताना अपेक्षित पाणीवापर आणि नूतनीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष वापर कळवायचा होता, आणि तो कुणाला? आपल्या पाणीपुरवठादाराला. ज्याचा मीटर, त्यालाच रीडिंग सांगायचं! अपेक्षित वापराचा भाग उपयोगाचा होता, पण बाकीचं म्हणजे वाण्याला आपण किती साखर नेली ते चिठ्ठीवर लिहून देणं. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि तेवढंही राहिलं. युरोपीय संघाचा २०२४चा नियम ५०० किलोवॅटवरच्या प्रत्येक केंद्राकडून एकूण पाणी आणि पिण्यायोग्य पाणी असे दोन वेगळे आकडे मागतो. हे वेगळेपण महत्त्वाचं आहे, त्याला माझे पूर्ण गुण. पण केंद्रनिहाय माहिती गोपनीय राहते आणि लोकांपुढे येते ती बेरीज. बेरजेतून गाव शोधता येत नाही.

ऐरोलीत विचारायचं झालं तर

आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापेच्या बाजूला डेटा सेंटरं दाट होत चालली आहेत. तिथे उद्योगांना पाणी देते एमआयडीसी, बारवी धरणाच्या भरवशावर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवतं ते वापरगटांप्रमाणे: घरगुती, औद्योगिक, सिंचन. ‘औद्योगिक’ या एका शब्दाच्या पोटात कारखान्यांपासून सर्व्हरपर्यंत कितीतरी जण मावतात. ग्राहकाचं रीडिंग असतं ते एमआयडीसीच्या बिलात. म्हणजे मांडणी तीच: मीटर सार्वजनिक संस्थेचा, बेरीज वर जाते, ओळ खालीच राहते.

आणि नकाराचं कलमही तेच. माहिती अधिकार अधिनियमाचं कलम ८(१)(घ) व्यावसायिक विश्वास आणि व्यापारी गुपित यांना संरक्षण देतं, पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, असंही तेच कलम म्हणतं. ओरेगनच्या कायद्यातही व्यापारी गुपिताची सूट अशीच जनहिताच्या अटीवर बांधलेली आहे. फरक एवढाच, की इथे कलम ११ खाली त्रयस्थ पक्षाला, म्हणजे कंपनीला, आधी विचारलं जातं, आणि कंपनी काय म्हणेल हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करणाऱ्याने ‘डेटा सेंटरांचा पाणीवापर कळवा’ असं मोघम लिहू नये. अशी संकलित माहिती उपलब्ध नाही, असं एका ओळीचं उत्तर येईल आणि ते खरंही असेल. मागावीत ती अस्तित्वात असलेली कागदपत्रं: अमुक भूखंडांवरच्या जोडणीचं मंजुरीपत्र, त्यातला मंजूर दैनिक कोटा, गेल्या ३६ महिन्यांची देयकं, मीटर नादुरुस्त असल्याने सरासरीवर आकारलेले महिने, आणि सांडपाणी जोडणीचा वेगळा मीटर असेल तर त्याची नोंदवही. त्यातही एप्रिल-मेची देयकं आधी मागावीत. नकार आलाच तर तो लेखी घ्यावा आणि जनहिताचा विचार केल्याची नोंद टिपणीत आहे का, ते पहिल्या अपिलात विचारावं.